क्लचवरची दोन बोटं

मागच्या महिन्यात एका रविवारी आळत्याच्या पुढच्या माळावरनं इचलकरंजीला परत येताना अथर्वनं त्याची गाडी माझ्या शेजारी आणली आणि हेल्मेटची काच वर करून ओरडून विचारलं, "मामा, तू क्लचवर कायम दोन बोटं का ठेवतोस?" अथर्व म्हणजे माझ्या ताईचा मुलगा, वीस वर्षांचा, नजर घारीसारखी. डांबरी रस्ता, समोर ट्रॅफिक नाही, स्पीड चाळीसच्या आसपास, आणि माझी डाव्या हाताची दोन बोटं लिव्हरवर. दाबलेली नाहीत, नुसती टेकलेली. मी म्हटलं सवय आहे. तो म्हणाला, "माळावर ठीक आहे, पण इथं रस्त्यावर कशाला?" मी परत म्हटलं अरे सवय आहे आणि गाडी थोडी पुढं काढली. एवढंच झालं. पण त्या रात्री जेवताना, झोपताना, दुसऱ्या दिवशी सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, हिशेबाच्या वह्या घेऊन बसलो तरी तो प्रश्न डोक्यातनं जाईना, कारण मी त्याला खोटं सांगितलं नव्हतं पण खरंही सांगितलं नव्हतं, आणि गेले दोन महिने तो मला जो दुसरा प्रश्न विचारत होता त्याचं उत्तरही मी असंच दिलं होतं.

दुसरा प्रश्न म्हणजे, डर्टसाठी, म्हणजे मातीत-माळावर चालवायला, गाडी घ्यायची तर टू-स्ट्रोक का फोर-स्ट्रोक, म्हणजे जुन्या धुराच्या इंजिनाची का आजकालच्या. दाजी गाडीला पैसे द्यायला कसेबसे तयार झालेत, कॉलेजला जाण्यायेण्याला पण चालली पाहिजे ही त्यांची अट, आणि पोराच्या डोक्यात मात्र मोबाईलवर बघितलेल्या हार्ड एन्ड्युरोच्या, म्हणजे दगडधोंड्यांतनं गाडी काढायच्या रेसा. ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गच्या त्या दगडांच्या ढिगावरनं ग्रॅहम जार्व्हिस पाच वेळा जिंकला, तो टू-स्ट्रोकवर, मग मामा टू-स्ट्रोकच बेस्ट ना? त्यानं हे विचारलं तेव्हा माझ्या तोंडातनं पुढच्या सेकंदाला उत्तर आलं होतं, "फोर-स्ट्रोक. विचार करायची गरजच नाही." आता मी स्वतः पंचवीस वर्षं या गाड्यांचा विचार करतोय, अजून करतोय, आणि पोराला सांगतोय विचार करू नको. इतकं पटकन आलेलं उत्तर इंजिनाबद्दलचं नव्हतं हे मलाच कळत होतं.

तर नीट सांगतो, आधी स्वतःला.

२००१ साली मी आणि माझा दोस्त दिल्यानं मिळून यामाहाची सेकंडहँड आरएक्स १०० घेतली, टू-स्ट्रोक. चौदा हजार, निम्मे निम्मे. तेव्हा ती गाडी बंद होऊन पाच वर्षं झाली होती आणि आजच्यासारखं तिचं देव्हाऱ्यात बसवण्याइतकं कौतुक नव्हतं, आज चांगली ठेवलेली आरएक्स लाखाच्या पुढं सांगतात, तेव्हा ती नुसती जुनी गाडी होती. आम्ही तिचं सगळं उतरवलं. मागचा मडगार्ड कापला, पुढचा उचलून बांधला, इंडिकेटर काढले, मागं जास्त दातांचं चेनचक्र, रुंद हँडल, गोट्यांचे टायर, आणि एका मिस्त्रीकडनं पत्रा वळवून वेल्डिंग मारून बनवून घेतलेला एक्स्पान्शन सायलेन्सर, पोटात फुगीर आणि शेपटाकडं निमुळता. त्या सायलेन्सरनं गाडीचा स्वभावच बदलला. टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे वॉल्व्ह नसतात, ब्लॉकच्या भिंतीला नुसती भोकं असतात आणि पिस्टन वरखाली होताना तीच उघडझाप करतो, त्यामुळं आत येणारं नवं पेट्रोल आणि बाहेर जाणारा जळका धूर काही क्षण एकाच वेळी मोकळे असतात आणि बरंच न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पळतं. तो फुगीर सायलेन्सर काय करतो, तर बाहेर गेलेल्या दाबाची लाट निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि पळून चाललेलं पेट्रोल दार बंद व्हायच्या आत परत आत ढकलते. पत्र्याच्या पोटात घुमणारी लाट वॉल्व्हचं काम करते! मला हे मिस्त्रीनं मडक्यात फुंकर मारून दाखवलं होतं आणि ते मी आजपर्यंत विसरलो नाही. पण ही लाट इंजिनाच्या एका ठराविक स्पीडलाच वेळेवर पोचते. त्याच्या खाली गाडी म्हणजे नुसती भुणभुण, दम नाही, आणि त्याच्या वर गेली की एकदम कुणीतरी मागनं लाथ घातल्यासारखी सुटते. चढावर तुम्ही त्या पट्ट्यात असाल तर तुम्ही राजे, आणि त्या पट्ट्यातनं खाली घसरलात तर गाडी मेली, उतरा आणि ढकला. दर वळणाला, दर दगडाला, क्लच अर्धा दाबून रेस पिळून तिला त्या पट्ट्यात ठेवायचं, हेच सगळं रायडिंग. तेव्हा डावा हात उजव्याइतकाच राबायचा.

आणि तिचा आवाज. आमच्या गावात ज्याचं बालपण गेलंय त्याला आवाज वेगळा सांगावा लागत नाही, मागांची खटखट चोवीस तास कानात असते, एक माग बंद पडला तरी झोपेतनं जाग येते. दिल्याचे वडील चार माग चालवायचे आणि पाठ फिरवून उभे असले तरी कुठल्या मागाचा धोटा नीट चालत नाही ते सांगायचे. दिल्या तसाच आरएक्सचा आवाज ऐकायचा. मिक्श्चर जाड झालं, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, की टू-स्ट्रोक एकाआड एक फायर चुकवते आणि चक्क फोर-स्ट्रोकसारखी बोलायला लागते, अडखळत, घसा बसल्यासारखी. आणि मिक्श्चर पातळ झालं की उलटं, आवाज कोरडा, चिरका होतो, गाडी जास्तच पळते, आणि नवख्याला वाटतं वा, काय ट्युनिंग झालंय. खरं तर तेव्हा ती मरायला निघालेली असते. प्लग काढून बघायचा, चहासारखा तपकिरी असला तर ठीक, काळा ओला असला तर पॉलिश पेपर मारायचा, पांढरा पडला असला तर त्याच मिनिटाला गाडी थांबवायची. खिशात कायम एक जादा प्लग आणि प्लगपाना. हे सगळं त्रासाचं होतं का? होतं. पण इंजिन म्हणजे काय हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही, ते त्या गाडीनं शिकवलं. ब्लॉकचे चार नट काढले की पिस्टन डोळ्यासमोर. दुपारी अंगणात पोतं अंथरून बसायचं, हेडचा कार्बन खरवडायचा, नवी रिंग टाकायची, पॅकिंग लावायचं, संध्याकाळी किक मारून माळावर. दोन पोरं, चार पाने, एक दुपार.

त्या गाडीला ऑइलचा वेगळा पंप असतो, कंपनीचा. टू-स्ट्रोकच्या क्रँकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागात, फोर-स्ट्रोकसारखं ऑइल साठून राहत नाही, ते पेट्रोलबरोबरच जातं, काम करतं आणि जळून जातं, तोच तो निळा धूर. कंपनीचा पंप ते आपोआप मोजून टाकतो. पण रेसिंगवाली पोरं म्हणायची पंपावर भरवसा ठेवू नका, बंद पडला तर कळत पण नाही, हातानं मिसळा. म्हणून आम्ही पंप काढून टाकला आणि भोक बुजवलं. लिटरला तीस मिली, जनावरांच्या औषधाच्या दुकानातनं आणलेली पन्नास मिलीची सिरिंज, आणि नियम एकच, जो पेट्रोल आणील त्यानं ऑइल टाकायचं आणि दुसऱ्यानं विचारायचं, "टाकलंस का?"

टाकलंस का. टाकलं. दोन वर्षं हे दोन शब्द आम्ही किती वेळा बोललो असू त्याची गणतीच नाही.

२००३ च्या मे महिन्यात एका सकाळी दिल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनमधनं तीन लिटर पेट्रोल घेऊन आला. टाकी जवळजवळ कोरडी होती. त्याला घरनं कुणीतरी हाक मारली, तो कॅन माझ्या हातात देऊन गेला, मी तो टाकीत ओतला, तळाला थोडं राहिलं तेवढं ठेवून. तो आला, मी किक मारली, पहिली चक्कर माझी होती. मी विचारलं नाही आणि तोही काही बोलला नाही. चार-पाच किलोमीटर गाडी अशी पळाली म्हणून सांगू, कधीच एवढी हलकी पळाली नव्हती. मग ओढ्याच्या अलीकडच्या उतारावर, थर्डला, आवाज एकदम कोरडा झाला, मला आठवतंय मी म्हटलं सुद्धा मनात, काय आवाज आहे, आणि मागचं चाक जागच्या जागी जाम झालं. पिस्टन ब्लॉकला धरला होता. त्या क्षणी क्लच दाबला तर इंजिन आणि चाक सुटं होतं, गाडी नुसती घरंगळत जाते, माणूस वाचतो. माझी बोटं मुठीवर होती. क्लचपर्यंत पोचायला जो वेळ लागला असता तेवढ्या वेळात मी हँडलवरनं मुरमावर गेलो होतो. कॉलरबोन मोडलं, अजून थंडीत दुखतं, डाव्या खांद्याला हात लावला तर हाडाची गाठ लागते.

तेव्हापासून ती दोन बोटं तिथं आहेत.

नंतर जे झालं ते हाडापेक्षा वाईट. मी दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणालो, ऑइल दिल्यानं टाकायचं होतं, पेट्रोल त्यानं आणलं होतं. नियमच होता आमचा. घरातल्यांनी धरलं, मित्रांनी धरलं, दिल्यानं काहीच म्हटलं नाही. दोन महिन्यांनी मी माझा हिस्सा त्याला पाच हजाराला दिला. त्यानं ब्लॉक पॉइंट फिफ्टी ओव्हरसाइज बोर करून घेतला, नवा पिस्टन टाकला, गाडी उभी केली. आमचं भांडण असं झालं नाही, ते झालं असतं तर बरं झालं असतं. लग्नात भेटायचो, काय कसं काय, बरं आहे, बास. त्यानं पुढं फवारणी पंप आणि ग्रास कटर रिपेअरीचं दुकान टाकलं, चांगलं चालतं. मी बरीच वर्षं डर्टचं नाव काढलं नाही, मग २०११ ला हिरोची इम्पल्स ही डर्टची गाडी आली तेव्हा पहिल्यांदा शोरूममध्ये जाऊन उगाच बसून आलो, आणि २०२१ ला त्यांचीच एक्सपल्स घेतली. फोर-स्ट्रोक, दोनशे सीसी, इंजेक्शन, सेल्फ स्टार्ट.

आता त्या गाडीबद्दल मी खरंच मनापासून बोलतो, कारण टू-स्ट्रोकच्या आठवणी काढणारी माणसं फोर-स्ट्रोकवर अन्याय करतात. पहिल्या रविवारी मी तिला ओढ्याच्या चढाला लावली आणि ती सेकंडला, अगदी हळू, धप धप करत, बैल वर चढतो तशी चढली. मला काहीच करावं लागलं नाही. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला, ऐकायला वाटतं फोर-स्ट्रोक मागं पडणार, आणि ताकदीत त्याच सीसीला पडतेच, म्हणून तर रेसिंगमध्ये १२५ च्या टू-स्ट्रोकसमोर २५० ची फोर-स्ट्रोक उभी करू देतात. पण त्या दोन स्फोटांच्या मधल्या विश्रांतीत मागच्या टायरला माती धरायला वेळ मिळतो. टू-स्ट्रोक मुरूम उधळते, फोर-स्ट्रोक मुरूम धरते. आणि उतार! टू-स्ट्रोकला उतारावर रेस सोडली की इंजिन जवळजवळ अडवतच नाही, सायकलसारखी सुटते, सगळा भार ब्रेकवर. वर प्रीमिक्सवाल्या, म्हणजे पेट्रोलात हातानं ऑइल मिसळायच्या गाडीला रेस बंद म्हणजे पेट्रोल बंद आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइल पण बंद, इंजिन मात्र चाकाबरोबर फिरतंय, कोरडं. म्हणून लांब उतारावर मधेमधे रेस पिळून तिला घोट पाजावा लागतो, उतरताना! फोर-स्ट्रोक रेस सोडली की स्वतःच मागं ओढून धरते, तुम्ही नुसतं बसून राहा. चाळिशीनंतर पुन्हा सुरू करणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

पण पाडली की कळतं वजन काय असतं ते. एकशे साठ किलोच्या जवळ. आरएक्स शंभरच्या आसपासची, ती एका हाताने कान धरून पोरगं उठवावं तशी उठवायचो. एक्सपल्स चरात आडवी झाली की पहिल्यांदा उचलताना उमेद असते, चौथ्यांदा उचलताना कंबर, आणि सहाव्यांदा दुसरा माणूस लागतो. नवखा रायडर दिवसाला सहा वेळा पाडणारच. हा मुद्दा लोक गाडी घेताना धरतच नाहीत, सगळे बीएचपी, म्हणजे इंजिनाची ताकद, तेवढी बघतात.

आणि फोर-स्ट्रोक ही एक गाडी नव्हे, हे अथर्वला मी सांगायला हवं होतं आणि सांगितलं नव्हतं. जानेवारी २०२४ ला आम्ही दोघं पुण्याला बालेवाडीला गेलो होतो, इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली रेस, स्टेडियममध्ये माती आणून ट्रॅक बांधलेला, आणि त्या मोठ्या फोर-स्ट्रोक एकदम सुटल्या तेव्हा आवाज कानात नाही, छातीच्या पिंजऱ्यात ऐकू आला. अथर्वनं माझा दंड घट्ट धरला होता, त्याला कळलं पण नसेल. पण त्या गाड्या आणि माझी एक्सपल्स यात फक्त स्ट्रोकचा आकडा सारखा. त्या इंजिनांचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. थोड्या थोड्या तासांनी ऑइल, मग वॉल्व्हचं क्लिअरन्स, पिस्टन, आणि दुर्लक्ष केलं, टायमिंग चेन किंवा वॉल्व्ह गेला, तर वरचं अख्खं इंजिन जातं आणि बिल असं येतं की माणूस खेळ सोडतो. तिथं टू-स्ट्रोकच गरिबाची गाडी, ब्लॉक-पिस्टन-रिंग, घरी करा. म्हणजे रेसची गाडी असेल तर टू-स्ट्रोक स्वस्त, आणि माळावरची साधी गाडी असेल तर फोर-स्ट्रोक स्वस्त. पण आपल्याकडं रेसची नवी टू-स्ट्रोक घ्यायची म्हणजे काय, केटीएमनं २०२४ च्या नोव्हेंबरात आणल्या त्यात टू-स्ट्रोक होत्या त्या ५०, ६५ आणि ८५ सीसीच्या, म्हणजे लहान पोरांच्या, आणि सगळ्यात छोटीच तेव्हा साडेचार लाखाच्या पुढं होती. नंबर प्लेट मिळत नाही, रस्त्यावर चालवता येत नाही, माळापर्यंत छोट्या टेम्पोतनं न्यायची. मोठ्या पोराला टू-स्ट्रोक पाहिजे तर जुनी आरएक्स नाहीतर सुझुकीची शोगन शोधायची, तीस वर्षांची, जिचा ओरिजिनल पार्ट मिळाला तर नशीब.

जी गोष्ट मला सगळ्यात जास्त पटते ती अमेरिकेतली आहे. रिकी कारमायकेल नावाचा रायडर, २००२ साली तिथल्या आउटडोअर मोटोक्रॉसच्या मोठ्या क्लासच्या सीझनमधल्या चोवीसच्या चोवीस मोटो, म्हणजे शर्यती, जिंकला, होंडाच्या २५० टू-स्ट्रोकवर. आणि २००४ ला परत चोवीसच्या चोवीस, आता होंडाच्याच ४५० फोर-स्ट्रोकवर. यामाहानं फोर-स्ट्रोक आणून १९९७ ला लास व्हेगासची सुपरक्रॉस जिंकली तेव्हापासून वारं फिरलं होतं, होंडानं पुढं टू-स्ट्रोक मोटोक्रॉस बंदच केल्या, आणि हा माणूस दोन्ही काळात चोवीस. अथर्वला मी ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "म्हणजे काहीही घेतलं तरी चालतं?" मी म्हटलं नाही, त्याच्या गाडीत ऑइल घातलं की नाही हे बघायला माणसं होती. आणि बोलता बोलता मीच गप्प झालो.

कारण बोटांचा प्रश्न तिथंच येऊन थांबत होता.

ती गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. आमचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, निळं होतं. पेट्रोल फिकट नारिंगी असतं, त्यात निळं ऑइल मिसळलं की रंग हिरवट, जरा काळपट होतो, तो रंग मी दोन वर्षं दर रविवारी बघितला होता. त्या सकाळी कॅन पांढरा होता, ऊन पाठीमागनं येत होतं आणि मी ओतत असताना धार स्वच्छ नारिंगी होती. मला ती दिसली होती. डोळ्यांना दिसली, मन पुढं ओढ्यावर गेलेलं होतं. दवाखान्यात पहिल्याच रात्री मला ती धार आठवली होती आणि सकाळी उठून मी दिल्याचं नाव घेतलं. बावीस वर्षं मी म्हणत आलो की टू-स्ट्रोक बेभरवशाची. गाडीनं भरवसा मोडला नव्हता. फोर-स्ट्रोक मला आवडते त्यात तिचा टॉर्क आहे, उतारावरचं अडवणं आहे, सगळं खरं आहे, पण त्याहून खरं हे की तिच्यात कुणाला विचारावं लागत नाही, टाकलंस का.

मग मागच्या रविवारी अथर्वला म्हटलं, माळावर नको, चल दुसरीकडं. दिल्याच्या दुकानात न सांगता गेलो. शेड, बाहेर दहा-बारा ग्रास कटर उलटे टांगलेले, आत पेट्रोलचा आणि जळक्या टू-टीचा वास, तो वास मी कुठंही ओळखीन, गोडसर आणि घशाला लागणारा. मला गंमत वाटली, नाही, बरं वाटलं, की पेट्रोल पंपावरनं गेलेलं टू-टी ऑइल शेतीच्या दुकानात जिवंत राहिलंय, उसाच्या बांधावरचं गवत कापणाऱ्या पोरांना आजही लिटरला किती मिली ते तोंडपाठ आहे. दिल्या कटरचा कार्बोरेटर उघडून बसला होता. वर बघितलं, केस पांढरे झालेत त्याचे. "ये," म्हणाला, जसं काही मी कालच येऊन गेलोय. आरएक्स मागच्या बाजूला होती, पोत्यानं झाकलेली, तीच, हँडल तेच, पोटफुग्या सायलेन्सर तोच, गंजावर काळा रंग मारलेला.

मी म्हटलं पोराला टू-स्ट्रोक म्हणजे काय ते कळायला पाहिजे, घ्यायच्या आधी. दिल्या अथर्वला म्हणाला, "ही तुझ्या मामाचं हाड खाल्लेली गाडी हाय बघ." अथर्वनं माझ्याकडं बघितलं. आणि मग मला ते बोलावंच लागलं, पोरासमोरच, बरं झालं पोरासमोर. मी म्हटलं, दिल्या, त्या दिवशी ओतताना मला रंग दिसला होता. नारिंगी. मला दिसला होता.

दिल्या हातातली जेट, कार्बोरेटरमधला तो बारीक भोकाचा तुकडा, फुंकत होता. फुंकली, उजेडाकडं धरून भोक बघितलं, परत फुंकली. म्हणाला, "कॅनच्या तळाला उरलं हुतं की पेट्रोल. मी त्याच दिवशी बगितलं. ऑइल मी टाकलं न्हवतं, त्ये माझं हुतंच. आणि वतताना कॅन तुझ्या हातात हुता, त्ये बी मला म्हाईत हुतं." मी म्हटलं मग बोलला का नाहीस. तो म्हणाला, "तुझा हात गळ्यात बांधल्याला. काय बोलू?" आणि जेट कार्बोरेटरला लावून पिळायला लागला.

दुकानामागं उसाच्या दोन रानांमधनं जाणारी गाडीवाट आहे, तिथं अथर्वनं आरएक्स चालवली. पहिल्यांदा तीन वेळा बंद पाडली, खाली दमच नाही म्हणाला. दिल्या नुसता हातवारे करत होता, पीळ, पीळ, क्लच सोडू नको, पीळ. चौथ्यांदा ती पट्ट्यात आली, भुणभुणीचा एकदम कापड फाटल्यासारखा आवाज झाला, पुढचं चाक वीतभर उचललं आणि पोरगं निळ्या धुरात उसाच्या पलीकडं गेलं. मी श्वास धरून आवाज ऐकत होतो, कोरडा होतोय का. दिल्या पण तेच ऐकत होता. आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता एकाच बाजूला कान लावून उभे होतो. आवाज ओला होता, गोल होता. परत आला तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले होते आणि तो पहिल्यांदा काय म्हणाला तर, "मामा, ही थांबतच नाही, रेस सोडली तरी पळते." मी म्हटलं, हो. आता डावा हात दाखव. त्याची दोन्ही बोटं लाल झाली होती, लिव्हरचा वळ उठलेला.

मग तिथंच कटरच्या रिकाम्या खोक्यांवर बसून, चहा पीत, मी त्याला जे दोन महिन्यांपूर्वी सांगायला पाहिजे होतं ते सांगितलं. कॉलेजला जायचंय, एकटाच फिरणार आहेस, रविवार सोडून वेळ नाही, हाताशी मिस्त्री नाही, तर फोर-स्ट्रोकच घे, माळावरची साधी, रेसची नव्हे, आणि ती पडेल तेव्हा उचलायला कुणीतरी बरोबर ठेव. पैसे उरले तर गाडीत घालू नको, बूट आणि नी-गार्ड घे. फुलांच्या पठारांवर कुठलीच गाडी नेऊ नको, दोनच्या स्ट्रोकची नाही आणि चारची नाही, त्या मातीवर उठलेला टायरचा वण पावसाळे गेले तरी जात नाही. आणि टू-स्ट्रोक घ्यायची असेल तर कधीतरी अशा माणसाबरोबर घे ज्याला रोज विचारता येईल आणि ज्याचं उत्तर ऐकून पण तू स्वतः बघशील. त्यानं विचारलं, "तू सांगितलंस विचार करायची गरज नाही, ते का मग?" मी माझा शर्ट बाजूला करून खांद्यावरची हाडाची गाठ त्याच्या हाताला लावून दाखवली. दोन बोटांचं उत्तर त्याला तेव्हा मिळालं, त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

थोड्या वेळानं तो दिल्याला म्हणाला, "काका, गाडी मी फोर-स्ट्रोकच घेईन बहुतेक. पण रविवारी ही चालवायला मिळेल का?"

दिल्यानं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "पेट्रोल तू आणायचं, ऑइल माझं," तो म्हणाला. फळीवरनं सिरिंज काढली, कॅनमध्ये लिटरभर पेट्रोल होतं, त्यात तीस मिली सोडलं, टोपण लावून हलवलं आणि कॅन माझ्या हातात दिला. दारात ऊन येत होतं. मी कॅन उन्हात धरला, अथर्व वाकून आला, दिल्याही हात पुसत आला, आणि आम्ही तिघंही तो रंग बघत राहिलो.